टोकियोतला जॅझ : तोझाई लाइनच्या कडेकडेने

नोकरीनिमित्त टोकियोत आलेल्या आणि निशी-कासाईच्या आसपास घर घेतलेल्या मराठी माणसाला प्रत्यक्ष जॅझ ऐकायचा असेल, तर त्याने 'टोकियोतील सर्वोत्तम जॅझ क्लब' छापाच्या याद्या आधी बाजूला ठेवाव्यात आणि ज्या रेल्वेने आपण रोज कचेरीत जातो तिचा नकाशा उघडावा. त्या याद्या बहुधा ब्लू नोट टोकियो किंवा कॉटन क्लब यांच्यापाशी नेऊन सोडतात. दोन्ही जागा उत्तम आहेत. ब्लू नोट १९८८ पासून सुरू आहे आणि अमेरिकेतून आलेले मोठे वादक तिथे हाताच्या अंतरावरून ऐकता येतात. परंतु ते पाहुणे असतात, आणि तिकीट अनेकदा दहा हजार येनच्या घरात जाते. या शहराचा स्वतःचा जॅझ, जो इथलेच वादक दर आठवड्याला वाजवतात, तो वीस ते पन्नास खुर्च्यांच्या तळघरांत आहे. महिन्यातून दोन-तीनदा ऐकायला जायचे असेल तर त्या तळघरांचाच रस्ता शिकून घ्यावा लागतो.

आपल्या सुदैवाने तो रस्ता घरापासूनच सुरू होतो. निशी-कासाईत भारतीयांची वस्ती वाढली त्यामागे तोझाई लाइन ही मेट्रो हेही एक मोठे कारण होते, कारण ती ओतेमाची आणि निहोनबाशीच्या कचेऱ्यांपर्यंत थेट नेते. तीच गाडी पुढे इइदाबाशी, वासेदा आणि ताकादानोबाबा करत नाकानोला जाते. 'मिताका' अशी पाटी असलेली गाडी मिळाली, तर ती नाकानोनंतर जेआर, म्हणजे जपान रेल्वेच्या चुओ लाइनच्या रुळांवर चढते आणि कोएंजी, आसागाया, ओगिकुबो, निशी-ओगिकुबो, किचिजोजी अशी एकामागून एक स्थानके घेते. या स्थानकांच्या पट्ट्यात छोट्या क्लबांची इतकी दाटी आहे की तिथल्या मोकळ्याढाकळ्या, प्रयोगशील वादनाला 'चुओसेन जॅझ', म्हणजे चुओ लाइनचा जॅझ, असेच नाव पडले आहे. कचेरीचा पास ओतेमाचीपर्यंतचा असला तर पुढचे भाडे कार्डातून आपोआप कापले जाते. निशी-कासाईहून निशी-ओगिकुबोपर्यंत गाडी न बदलता पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो.

इतका जॅझ इथे आला कसा, हे थोडक्यात ठाऊक असलेले बरे, कारण क्लबमालकांशी बोलताना विषय तिकडे वळतोच. युद्धापूर्वीही जपानात जॅझ होता. १९४५ नंतर अमेरिकन सैन्याच्या क्लबांना वादकांची गरज पडली आणि जपानी तरुणांची एक संपूर्ण पिढी तिथे वाजवत शिकली. पियानोवादिका आकियोशी तोशिको आणि सॅक्सोफोनवादक वातानाबे सादाओ याच काळातून वर आले. जानेवारी १९६१ मध्ये अमेरिकन ड्रमर आर्ट ब्लेकी आपला संच घेऊन आले तेव्हा जॅझचे वेड सर्वत्र पसरले, आणि १९६५ साली शिंजुकूत पिट इन हा क्लब उघडला, जो आजही चालू आहे.

मैफल शोधण्याची खरी किल्ली म्हणजे क्लबचे मासिक वेळापत्रक वाचता येणे. बहुतेक क्लब पुढच्या महिन्याचे वेळापत्रक चालू महिन्याच्या उत्तरार्धात आपल्या संकेतस्थळावर टाकतात. पान जपानीत असते, परंतु फोनवरच्या भाषांतराच्या सोयीने काम भागते. भाषांतरात वादकांच्या नावांचे मात्र हमखास खोबरे होते, म्हणून नावे मूळ लिपीतच उतरवून घ्यावीत. प्रत्येक नावापुढे कंसात रोमन अक्षरांत वाद्य दिलेले असते. 'पी' म्हणजे पियानो, 'बी' म्हणजे बास, 'टीएस' म्हणजे टेनर सॅक्सोफोन, 'टीपी' म्हणजे ट्रम्पेट, 'व्हीओ' म्हणजे गायक, आणि 'डीएस' म्हणजे ड्रम्स. पहिले नाव संचप्रमुखाचे असते. नवखा श्रोता तेवढेच वाचतो आणि ते अनोळखी वाटले की पुढच्या तारखेकडे वळतो.

माझ्या मते वाचायची ती उरलेली नावे. टोकियोतले चांगले बासवादक आणि ड्रमर एकाच संचाला बांधलेले नसतात. आज किचिजोजीत एका पियानोवादकासोबत, परवा शिंजुकूत दुसऱ्याच कोणाच्या पंचकात, आणि आठवडाअखेर योकोहामात, असा त्यांचा महिना जातो. एखाद्या संध्याकाळी बासवादक आवडला तर त्याचे नाव टिपून घ्यावे आणि घरी येऊन त्याचेच वेळापत्रक शोधावे. बहुतेक वादक आपापल्या तारखा समाजमाध्यमांवर नियमित टाकतात. त्या तारखांच्या मागे गेले की ज्या क्लबांची नावे कोणत्याही यादीत नाहीत ते आपसूक कळतात. आवडीच्या तबलजीला साथीला घेणारा गायक ऐकण्याजोगाच असणार, हा आपल्याकडच्या मैफलींतला ठोकताळा इथेही लागू पडतो, फक्त तबलजीच्या जागी ड्रमर धरायचा. अशा रीतीने पाच-सहा नावे हाती आली की कोणत्याही रात्री कुठे जावे हा प्रश्न फारसा उरत नाही.

पैशांचा हिशेब आधी समजून घेतला की बिल पाहून दचकायची वेळ येत नाही. 'म्युझिक चार्ज' ही वादनाची रक्कम असते आणि छोट्या क्लबांत ती साधारण अडीच ते चार हजार येन असते. काही जागा त्यावर 'टेबल चार्ज' लावतात, आणि जवळजवळ सगळीकडे किमान एक पेय मागवावेच लागते. हे पेय मद्यच असले पाहिजे असे मुळीच नाही. ऊलाँग चहा किंवा जिंजर एल मागवला तरी कोणी भुवई उंचावत नाही. 'माएउरि' म्हणजे आधी काढलेल्या तिकिटाचा दर आणि 'तोजित्सु' म्हणजे त्याच दिवशीचा दर, जो थोडा चढा असतो. 'नागेसेन' असे लिहिले असेल तर प्रवेश फुकट असतो आणि शेवटी फिरवल्या जाणाऱ्या टोपीत किंवा डब्यात आपल्या मनाने पैसे टाकायचे असतात. अशा ठिकाणी हजार येनची नोट टाकणे शोभून दिसते. मोठ्या जागांत एका संध्याकाळी दोन खेळ होतात आणि मध्ये श्रोते बदलतात, तर छोट्या क्लबांत एकदा पैसे भरले की दोन्ही सत्रे, मधली विश्रांती धरून, बसून ऐकता येतात. जुन्या क्लबांत कार्ड चालेलच असे नाही, म्हणून रोख रक्कम जवळ असावी.

जागा आधी राखून ठेवावी, म्हणजेच 'योयाकु' करावा. काही क्लब संकेतस्थळावरचा अर्ज किंवा ईमेल स्वीकारतात, परंतु काही अजूनही फोनच उचलतात, आणि तोही संध्याकाळी दुकान उघडल्यावरच. 'योयाकु ओ शिताइ नो देसु गा' एवढे म्हणून तारीख, नाव आणि माणसे सांगितली की झाले. एकटे असाल तर 'हितोरि', दोघे असाल तर 'फुतारि'. आडनाव मात्र सोपे करून सांगावे. कुलकर्ण्यांचे 'कुरुकारुनि' होते आणि ते दोनदा तपासून घेताना समोरच्याची जी धांदल उडते ती टाळावी. जोशी हे आडनाव जपानी जिभेला अगदी मानवते; ज्यांचे आडनाव तसे नाही त्यांनी पहिले नाव सांगितले तरी चालते. येणे रद्द झाले तर फोन करून कळवावेच, कारण पंचवीस खुर्च्यांच्या जागेत दोन खुर्च्या रिकाम्या राहणे म्हणजे वादकांच्या हाती पडणाऱ्या पैशाला थेट कात्री लागणे होय. वेळापत्रकात दोन वेळा दिलेल्या असतात. 'काइजो' म्हणजे दार उघडण्याची वेळ आणि 'काइएन' म्हणजे वादन सुरू होण्याची. साडेसात म्हणजे साडेसातच्या आसपासच सुरुवात होते. आपल्याकडच्या दीपप्रज्वलनाच्या हिशेबाने निघाल्यास पहिल्या दोन रचना हुकतात.

पहिल्यांदा कुठे जावे असे कोणी विचारले तर मी किचिजोजीचे 'समटाइम' सांगतो. १९७५ साली सुरू झालेल्या या तळघरात वेगळा उंच मंच नाही. पियानो, बास आणि ड्रम्स खोलीच्या मध्यावर आणि श्रोते त्यांच्या चहूबाजूंनी, अशी रचना आहे. पियानोलगतच्या काउंटरवर जागा मिळाली तर वादकाची बोटे, तो डाव्या हाताने सोडून देत असलेले स्वर, आणि बासवादकाकडे टाकलेली नजर हे सारे दिसते. नवख्या श्रोत्याला याचा फार उपयोग होतो, कारण जॅझमध्ये धून वाजवून झाल्यावर तिच्याच स्वरसंगतीच्या आवर्तनावर एकेक वादक नवे रचत जातो, आणि आवर्तन कुठे संपले हे कानाला कळण्याआधी त्यांच्या डोळ्यांवरून कळते. ज्याने तबल्याची सम ऐकून मान हलवली आहे त्याला हे उमगायला वेळ लागत नाही. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणारे गोव्याचे वादक हिंदी चित्रपटसंगीतात आले, सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट वाजला, त्यामुळे या वाद्यांचा लहेजा मराठी कानाला तसा परकाही नाही.

शिंजुकूच्या पिट इनचा स्वभाव वेगळा आहे. तिथे सर्व खुर्च्या मंचाकडे तोंड करून ओळीने मांडलेल्या असतात, बोलणे जवळजवळ नसते, आणि जेवायला म्हणून कोणी तिथे जात नाही. पियानोवादक यामाशिता योसुके यांच्या त्रयीपासून गिटारवादक ओतोमो योशिहिदे यांच्यापर्यंत इथल्या धाडसी वादनाचा मोठा भाग या क्लबशी जोडलेला आहे. संध्याकाळच्या कार्यक्रमाखेरीज इथे दुपारचेही सत्र असते, जे अडीचच्या सुमारास सुरू होते, ज्यात तरुण संच वाजवतात, आणि ज्याचा दर संध्याकाळच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. ज्यांना रात्री उशीर चालत नाही किंवा ज्यांची सुट्टी आठवड्याच्या मधल्या दिवशी येते, त्यांनी हे दुपारचे सत्र अवश्य पाहावे. मला तर अनेकदा तेच जास्त आवडते. निशी-ओगिकुबोचे 'आकेता नो मिसे' हे तिसरे ठिकाण, जे पियानो आणि ओकारिना (मातीचे छोटे फुंकवाद्य) वाजवणाऱ्या आकेतागावा शोजी यांनी १९७४ मध्ये उघडले. जागा इतकी लहान की ध्वनिवर्धकाशिवायही प्रत्येक स्वर अंगावर येतो. नुकतीच ओळख होत असलेल्या श्रोत्याला तिथला मुक्त, धूनविरहित वादनप्रकार कदाचित जड जाईल, म्हणून हे ठिकाण समटाइमनंतर घ्यावे.

मैफलीतले वागणे फार अवघड नाही. एकल वादन संपले की टाळ्या वाजवायच्या, आणि त्या वेळी पुढच्याचे वादन सुरू झालेले असले तरी त्यात काही वावगे नाही. मध्येच 'वाह' निसटली तर ती कोणाला टोचत नाही, परंतु बासवादक एकटा वाजवत असताना बर्फ खुळखुळवणे आणि शेजाऱ्याशी कुजबुजणे टोचते. छायाचित्र किंवा चित्रीकरण विचारल्याशिवाय करू नये. बऱ्याच जागी ते निषिद्धच असते. विश्रांतीत वादक काउंटरपाशी येऊन बसतात, तेव्हा त्यांच्याशी बोलावे. आपली सीडी ते स्वतःच विकतात, आणि ती विकत घेणे ही त्यांच्या दृष्टीने कौतुकाच्या चार शब्दांहून मोठी गोष्ट असते. 'दुसऱ्या सत्रातली पहिली रचना कोणती होती?' हा प्रश्न संभाषण सुरू करायला पुरेसा होतो.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाने घरून जेवून निघावे, हे बरे. फुटाणे, चीज, तळलेले बटाटे याहून जास्त काही मिळेलच असे नाही, आणि साध्या दिसणाऱ्या पास्त्यातही बेकन निघते. एप्रिल २०२० पासून उपाहारगृहांत धूम्रपानावर निर्बंध आले असले, तरी काही जुन्या छोट्या जागांना सूट आहे. धुराचा त्रास असेल तर जागा राखतानाच विचारून घ्यावे. लहान मुलांना बहुतेक क्लबांत प्रवेश नसतो.

रोजच्या क्लबांखेरीज आणखी दोन ठिकाणी मैफलींचा सुगावा लागतो. पहिले म्हणजे जॅझ किस्सा. हे कॉफीगृह असते, जिथे मालक आपल्या संग्रहातल्या तबकड्या उत्तम ध्वनियंत्रणेवर लावतो आणि गिऱ्हाइके गप्प बसून ऐकतात; आयात तबकड्या सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या त्या काळातली ही सोय आहे. योत्सुयाचे 'ईगल' १९६७ पासून चालू आहे आणि इइदाबाशीला जेआरची गाडी पकडली की ते दोनच स्थानकांवर येते. तिथे संध्याकाळी सहापर्यंत बोलायचे नाही, असा नियम आहे. अशा कॉफीगृहांच्या दाराशी आणि डिस्क युनियनसारख्या तबकड्यांच्या दुकानांत छोट्या मैफलींची पत्रके ठेवलेली असतात, आणि त्यांतल्या कित्येक मैफली इंग्रजी संकेतस्थळांवर कधीच दिसत नाहीत. दुसरे ठिकाण म्हणजे विद्यापीठे. वासेदा, केइओ वगैरे विद्यापीठांच्या विद्यार्थी बिग बँडची, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदांची, परंपरा जुनी आहे. १९७० पासून दरवर्षी होणारी यामानो बिग बँड स्पर्धा हा त्यांचा मानाचा सामना, जो ऑगस्टमध्ये असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला वासेदाचा विद्यापीठ महोत्सव भरतो तेव्हा वर्गखोल्यांतून दिवसभर जॅझ चालू असतो. तोझाई लाइनवर वासेदा नावाचेच स्थानक आहे, आणि मुले घेऊन जायलाही ही जागा सोयीची आहे.

ज्यांना स्वतः वाजवायचे आहे त्यांच्यासाठी 'सेशन' असतात. ताकादानोबाबाचे 'इंट्रो' हे त्यासाठी ओळखले जाते. छोटेसे तळघर, आणि आठवड्यातल्या अनेक रात्री खुले वादन. शुल्क भरून आत गेल्यावर कागदावर नाव आणि वाद्य लिहायचे, आणि यजमान वादक पुकारेल तेव्हा उठायचे. कोणती रचना वाजवायची हे ठरवताना बहुतेक जण एका काळ्या मुखपृष्ठाच्या स्वरलिपीसंग्रहाचा आधार घेतात, ज्याला सगळे नुसते 'कुरोबोन', म्हणजे काळे पुस्तक, म्हणतात. ते विकत घेऊन त्यातल्या दहाएक रचना पक्क्या कराव्यात, आणि निदान पहिल्या रात्री नुसते ऐकावे. गायकांनी आपल्या पट्टीत लिहिलेली स्वरलिपी पियानो, बास आणि ड्रम्स यांच्यासाठी तीन प्रतींत न्यावी. ती नसली तर साथीदारांची पंचाईत होते. तबला घेऊन जायचे असल्यास आधी यजमानाला विचारावे, कारण कुतूहल सगळ्यांना असते, पण ड्रम्सच्या शेजारी तबल्याचा आवाज दबतो आणि मायक्रोफोनची सोय वेळेवर होत नाही. एक सूचना व्हिसाबद्दल. सेशनमध्ये पैसे भरून वाजवण्याने काही बिघडत नाही, परंतु पुढे कोणी मानधन देऊन बोलावले, तर अभियंत्याच्या व्हिसावर ते काम आपोआप बसत नाही. त्यासाठी 'शिकाकुगाई कात्सुदो क्योका' ही वेगळी परवानगी लागू शकते, म्हणून मानधन घेण्याआधी इमिग्रेशन कार्यालयात चौकशी करावी.

परतीच्या गाडीचा विचार निघतानाच करावा. मैफल बहुधा दहा ते साडेदहाच्या दरम्यान संपते, त्यामुळे शेवटच्या गाडीची घाई सहसा होत नाही, पण सेशन रंगले तर भान राहत नाही. 'काइसोकु', म्हणजे जलद गाडी, निशी-कासाईला थांबत नाही. ती तोयोचोनंतर थेट उरायासुला जाते. डुलकी लागायच्या आत गाडीची पाटी वाचून घ्यावी.

कुटुंबासह जायचे असेल तर ऑक्टोबर महिना मोकळा ठेवावा. त्या महिन्याच्या अखेरीस आसागायात दोन दिवस जॅझ स्ट्रीट्स हा महोत्सव असतो, जो १९९५ पासून भरतो. त्यात क्लबांबरोबरच चर्च आणि शिनमेइगू हे देवस्थानही मैफलीची जागा होते. स्थानकाबाहेर पडल्यापासून रस्त्यावरचे फुकटचे वादन कानी पडते. आतल्या जागांसाठी पास घ्यावा लागतो. योकोहामाचा जॅझ प्रोमेनाद १९९३ पासून ऑक्टोबरमध्येच होतो आणि आकाराने बराच मोठा आहे. बदली सेंदाईला झाली असेल तर तिथला जोझेन्जी महोत्सव सप्टेंबरमध्ये, आणि ओसाकाकडे झाली असेल तर ताकात्सुकीचा मे महिन्याच्या सुट्ट्यांमध्ये असतो. हे दोन्ही फुकट आहेत. आसागायात शिनमेइगूच्या आवारातली जागा लवकर भरते, म्हणून तिथल्या कार्यक्रमाला अर्धा-पाऊण तास आधी पोहोचावे, आणि बाकीच्या ठिकाणांपैकी एकमेकांजवळची दोनच निवडावीत, कारण पासवर सगळीकडे प्रवेश असला तरी एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्यातच दुपार निघून जाते.